कामिनीच्या वाटचं जड

कामिनीला सकाळी जाग येई ती एकदम नाही, हप्त्याहप्त्यानं. आधी कान जागे होत. अंगणातला खराटा, शेजारच्या कुंदाबाईचं बादलीशी भांडण, जळगावच्या पहिल्या बसचा हॉर्न. मग डोळे उघडत. हातपाय मात्र आपल्याच तोऱ्यात. बोटं मुठीत यायला तयार नसत आणि गुडघे जावयासारखे रुसून बसलेले. त्यांची समजूत पटेपर्यंत ती खाटेवर तशीच पडून राही, धड झोपेत नाही, धड जागी नाही.

त्या मधल्या वेळात तिला एक ठरलेलं स्वप्न पडायचं. गावाबाहेरच्या निंबाला आखाजीचा झोका बांधलेला आहे आणि ती फळीवर उभी आहे. दोन्ही दोर मुठीत घट्ट. गुडघे वाकवले की झोका मागं, सरळ केले की पुढं. खाली असोद्याची घरं जातात, मग केळीचे मळे येतात, हिरवेगार, नजर ठरत नाही असे, आणि त्यांच्यावरून ती जात राहते. खालून कुणीतरी हाक मारत असतं, पण चेहरा दिसत नाही. एवढ्या स्वप्नात एकच गोष्ट खोटी असायची. दोर हाताला जड लागत नसे, फळी पायांना लागत नसे. कशालाच वजन नसे. मग आई खोलीत येई, कोमट पाण्याचं घमेलं खाटेपाशी ठेवी आणि तिचे पाय त्यात सोडी.

कामिनी म्हणजे असोद्याच्या तोतारामची एकुलती एक लेक. तोतारामची केळीबाग गावाच्या उगवतीला. माणूस बोलायला कमी, कामाला वाघ; कामिनी त्याला आबा म्हणे. त्याची बायको कोकिळा. तिचं माहेर आणि सासर एकाच गावात, त्यामुळं आखाजीला तिला कुठं जायला नको की यायला नको. लग्नाआधी आणि लग्नानंतरही झोका चढवण्यात तिचा हात धरणारी गावात दुसरी नव्हती. आपल्या खान्देशात आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, हा लेकीबाळींचा सण. झोक्यावर दोघीदोघी चढतात. एक फळीवर बसते, दुसरी तिच्या दोन्ही बाजूंना पाय रोवून उभी राहते. चढवायचं काम उभीचं, वजन बसलेलीचं. कोकिळा नेहमी उभी असायची.

कामिनी आठ वर्षांची असताना तिला बारीक ताप येऊ लागला. बोटं सुजली, मग गुडघे. आधी घरात वाटलं, वाढीचं दुखणं असेल. मग वाटलं, नजर लागली. मीठमोहऱ्या झाल्या, लिंबं झाली. शेवटी जळगावच्या सांध्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हा लहान मुलांचा संधिवात आहे. कुंदाबाई म्हणाली, "वात तं म्हाताऱ्यायचा रहातो. पोरीले कुठून येईन?" गावालाही तसंच वाटलं. पण वाताला गावाची मतं कळत नाहीत. त्या वर्षी आखाजीला सगळ्या पोरी झोक्यावर होत्या आणि कामिनी बापाच्या मांडीवर बसून बघत होती.

त्या दिवशी कोकिळा आखाजीला घरात मांडलेल्या गौराईपुढं बसली आणि हात जोडून म्हणाली, "माय, माही पोरगी तिच्या पायावर उभी राहू दे. तिच्या वाटचं जड मी उचलीन."

लोक नवसात नारळ बोलतात, साडीचोळी बोलतात. कोकिळा आपला खांदाच बोलून बसली.

आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या सुरू झाल्या, पुढं इंजेक्शनं झाली आणि हळूहळू पोर उभी राहिली, चालू लागली. औषधानं का नवसानं, हा वाद घरात झालाच नाही. कोकिळेनं दोघांनाही पाया पडून मान दिला. आता रीत अशी की नवस पावला की फेडायचा. गौराईची ओटी भरायची, पाया पडायचं, मोकळं व्हायचं. पण कोकिळेच्या मनानं घेतलं की फेडला तर नवस संपेल, आणि संपला तर दुखणं परत येईल. म्हणून तिनं तो फेडलाच नाही. चालू ठेवला.

तेव्हापासून कामिनीच्या हाताला जड लागू दिलं नाही म्हणजे नाहीच. दप्तर कोकिळेच्या खांद्यावर, शाळेच्या दारापर्यंत. पाण्याचा तांब्या, जेवणाचं ताट, अंगावरची गोधडी, सगळं आई उचलणार. पोरी हसायच्या. म्हणायच्या, कामिनीची आई पुन्हा पहिलीपासून शाळा शिकू राहिली. कामिनी शरमेनं अर्धी व्हायची, पण आईच्या तोंडाकडं पाहिलं की शब्द गिळून टाकायची. प्रेमानंही माणूस पांगळा होतो. पण हे ज्यांचं प्रेम आहे त्यांना सांगायचं कुणी? मी असतो तर मलाही जमलं नसतं.

व्हायचं तेच झालं. सूज ओसरली, ताप गेला, पण पोरीच्या हातापायांच्या काड्या झाल्या. नळाची तोटी फिरेना, लोणच्याची बरणी उघडेना, बसच्या पायरीवर चढायला कुणीतरी हात द्यावा लागे. थंडीत तर बघायलाच नको. जळगावचं ऊन सगळ्यांना जाळतं, पण कामिनीला ते मानवायचं. वैशाखात लोक कूलरपुढं पडलेले असत आणि ही ओट्यावर भिंतीला टेकून, तापल्या वाऱ्यात डोळे मिटून बसलेली. सांधे सैल होत, आणि मनात झोका सुरू होई.

गेल्या दिवाळीनंतर डॉक्टरांनी तिला जळगावजवळच्या पिंप्राळ्याला पुनम मॅडमकडं धाडलं. कॉलनीतल्या एका बंगल्याच्या तळमजल्यावर मॅडम व्यायाम शिकवत. मायबाप आणि लेक, तिघं रिक्षातून उतरली, दप्तरासारखी कामिनीची पिशवी अर्थात कोकिळेच्या खांद्यावर. मॅडमनी कामिनीचे हात दाबून पाहिले, खुर्चीवरून उठायला लावलं, परत बसायला लावलं.

"सूज आता ताब्यात आहे," त्या म्हणाल्या. "पण सांध्याला धरून ठेवायचं काम स्नायूंचं असतं. यांना कामच मिळालं नाही, म्हणून ते आटलेत."

तोतारामनं मान हलवली. "म्हंजे टेकू. घड भरला की केळीले आम्ही बांबूचा टेकू देतो."

"तसंच, काका. पण हा टेकू बाहेरून देता येत नाही. आतूनच वाढवावा लागतो. त्यासाठी थोडं ओढायचं, थोडं ढकलायचं, थोडं वजन उचलायचं. हलक्यापासून सुरुवात, आणि जमेल तसं वाढवायचं."

वजन म्हणताच कोकिळा ताठ झाली. "वजन नही," ती म्हणाली. "मी बोलेल हाये."

मॅडमना काही कळेना. तोतारामनं खाली मान घालून सगळी हकिगत सांगितली. मॅडम हसल्या नाहीत, ही त्यांची मोठी गोष्ट. त्यांनी कपाटातून रबराची एक पिवळी पट्टी काढली आणि कोकिळेच्या हातात ठेवली. कोकिळेनं ती तळहातावर झेलून पाहिली, बाजारात सोनाराकडं पाटली पाहावी तशी.

"याले तं काही वजनच नही."

"नाही ना? मग हीच घेऊन जा. एक टोक कामिनी धरेल, एक तुम्ही. ती ओढेल, तुम्ही धरून ठेवायचं."

परवानगी मिळाली. नवसाला वजन मोजायची सवय, ताण त्याला कुठून समजणार?

मॅडमनी निघताना आणखी एक समजावलं. व्यायाम केला की मांडी, दंड दुखणार. ते दुखणं कामाचं, एकदोन दिवसांत जातं. पण सांधाच गरम झाला, सुजला, तर थांबायचं आणि फोन करायचा. कोकिळेनं त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं पक्कं लक्षात ठेवलं.

मग थंडीभर असोद्याच्या त्या घरात रोज संध्याकाळी मायलेकी समोरासमोर बसत. मधे पिवळी पट्टी. कामिनी ओढी, कोकिळा धरून ठेवी. बाहेर शेकोटीचा धूर, घरात चुलीवर डाळ शिजतेय, आणि या दोघी एका शब्दाशिवाय एकमेकींना ओढताहेत. कामिनीचे डोळे अर्धे मिटलेले असत. तिला वाटे, दुसऱ्या टोकाला आई नाहीच, झोक्याचा दोर आहे आणि दोर निंबाला बांधलेला आहे. सुरुवातीला पट्टी जेमतेम लांबायची. मकरसंक्रांत झाली आणि मॅडमनी तांबडी पट्टी दिली, ती अधिक चिवट. होळीला हिरवी आली. कोकिळेला पट्टीतून लेकीचा जोर हाताला कळत होता. एकदा ओढताना कामिनीनं डोळे उघडले, तर आई तिच्या दंडाकडं बघत होती, आणि तिच्या तोंडावर असं काही होतं की कामिनीनं लगेच डोळे मिटून घेतले. इतका आनंद कुणाचा चोरून बघू नये, असं तिला वाटलं.

मॅडमनी पुढं पाण्यानं भरलेली बाटली उचलायला सांगितली. कोकिळा म्हणाली, "पाण्याले वजन रहातं." झालं, बाटली रद्द. तेव्हा मॅडमनी दुसरी वाट काढली. खुर्चीवरून हात न लावता उठायचं, बसायचं. टाचा उचलायच्या. भिंतीला टेकून गुडघे वाकवायचे. याला कोकिळेची हरकत नव्हती. स्वतःचं अंग स्वतःलाच उचलावं लागतं, हे तिलाही मान्य होतं.

होळीनंतर एक बदल झाला. कोकिळेनं पट्टी धरायची सोडली आणि तिचं टोक खाटेच्या पायाला बांधून दिलं. "मले काम रहातं," ती म्हणाली. कामिनीला वाटलं, आई कंटाळली. वाईट वाटलं तिला. पण खाट काही कंटाळणारी नव्हती, त्यामुळं व्यायाम चालू राहिला.

दहावीची परीक्षा झाली. जूनपासून अकरावीला जळगावला जायचं ठरलं होतं, रोज बसनं. आणि एक दिवस कोकिळा सहज बोलून गेली, "मी येईन रोज संगं. दप्तर कोन नेईन?" कामिनीच्या डोळ्यांपुढं कॉलेजचं फाटक आलं. असोद्यात लोक हसले ते घरचे होते. तिथं फाटकाशी आई दप्तर घेऊन उभी, आणि सगळं कॉलेज बघतंय. आणि कॉलेज संपल्यावर नोकरी? आणि त्यानंतर? तिला कळलं की हे तिनंच थांबवलं नाही तर आई तिच्यामागं दप्तर घेऊन जन्मभर चालत राहील. पण थांबवायचं कसं? आईचा नवस मोडायचा म्हणजे आईच्याच काळजाचा धागा ओढायचा.

आखाजीच्या आदल्या दिवशी फुई आली. फुई म्हणजे तोतारामची थोरली बहीण भिकुबाई. तिला धुळ्याकडं साक्रीच्या बाजूला दिलेली. इतकी वर्षं तिकडं राहून बोली पार तिकडचीच झालेली. बाई मोठी मोकळी. आल्या आल्या आंबे हुंगले, भावाला वाळला म्हणून बोल लावला, आणि सांजोऱ्या लाटायला बसली.

दुपारची वेळ होती. बाहेर रस्ता पांढरा पडलेला, घरात पंख्याची घरघर. कामिनी आतल्या खोलीत पडली होती आणि तिचा झोका निघालाच होता. तेवढ्यात बाहेरचं बोलणं कानावर आलं.

"कोकिळा, तू डावा हातवरी केस काबरं इंचरस व?" फुई विचारत होती.

"असंच, अक्का."

"असंच नही. उजवा हात वर कर दखू." जरा वेळ गेला. "खांदा आखडी गया शे तुना. कवयपशी?"

"होळीपशी. सांगू नका तिले."

कामिनीचा झोका जागच्या जागी थांबला. होळीपासून. म्हणजे खाटेच्या पायाला पट्टी बांधली तेव्हापासून. आई कंटाळली नव्हती. आईला तिचा जोर धरून ठेवता येत नव्हता, आणि तरी पिशव्या, घागरी, बादल्या उचलणं चालूच होतं.

"पोरगी उभी ऱ्हायनी ना?" फुई म्हणत होती. "नवस पावना ना? मंग फेडस काबरं नही? गौराई काय वैरीण शे का तुनी?"

कोकिळा म्हणाली, "अक्का, तुम्ही तवा नव्हत्या. तिले घासही मुठीत धरता येत नव्हता. मले ते परत पाहनं नही. खांदा गेला तं जाऊ द्या."

फुईनं मग पुन्हा लाटणं हातात घेतलं. कामिनी भिंतीकडं तोंड करून रडली, आवाज न करता, आणि रडताना तिला आईचा रागही आला आणि आईची मायाही दाटून आली. दोन्ही खरं होतं.

आखाजीची सकाळ. आखाजीला पितरांची घागर भरतात. नवी मातीची घागर पाण्यानं भरून देवापाशी ठेवायची, तिच्यावर लहान लोटा, लोट्यावर आंबा, बाजूला डांगर, म्हणजे खरबूज, आणि सांजोऱ्या. घरात गेलेल्या माणसांचं हे पाणी. ती घागर फुटणं म्हणजे त्यांना तहानलेलं परत पाठवणं, असं मानतात. तोताराम आंबे आणायला गेलेला. फुई चुलीपाशी. कामिनी ओट्यावर खुर्चीवरून उठबस करत होती. कोकिळेनं अंगणातल्या टाकीवर घागर भरली, कमरेवर घेतली आणि ओट्याच्या पायऱ्या चढू लागली.

वरच्या पायरीवर तिचा हात दगा देऊन गेला. घागर कलली. पाणी हिंदकळून तिच्या लुगड्यावर सांडलं. कामिनी खुर्चीतून उठली ती सरळ तिथंच. विचार करायला सवड नव्हती. पाय फाकवले, गुडघे वाकवले, पाठ ताठ, आणि दोन्ही हात घागरीच्या बुडाखाली घातले. मॅडमनी शिकवलेलं सगळं अंगानं आपणहून केलं.

आता घागरीला चार हात होते.

"सोड, माय."

"नही."

"मी धरलीय. सोड."

"नही व. नवस हाये माहा."

"तुह्या हातानं फुटंल," कामिनी म्हणाली. तिनं बोटं घागरीच्या बुडाशी आणखी घट्ट केली. "आबाच्या मायबापाचं पाणी हाये हे. सोड, माय."

कोकिळेनं घागरीकडं पाहिलं, लेकीच्या मनगटांकडं पाहिलं. ती मनगटं तिनं आठ वर्षं कापसात ठेवल्यासारखी जपली होती. फुई दारात येऊन उभी होती. ती तोंडाला पदर लावून बघत राहिली.

कोकिळेनं हात काढून घेतले.

वजन एकदम आलं. कामिनीला आत कुठंतरी खोल ते लागलं, मांड्यांत, पाठीत, दंडात. स्वप्नात असलं काही नसायचं. ओली माती, गार पाणी, आणि हे जड, खरंखुरं जड. ती सावकाश वळली, उंबरा ओलांडला आणि घागर देवापाशी गव्हाच्या राशीवर टेकवली. एक थेंब सांडला नाही. मग ती तिथंच बसून हसू लागली.

कोकिळा हसली नाही. त्या दिवशी पुरणपोळी आणि आमरस झाला, सगळे जेवले, तिनं मात्र पोळीचा तुकडा ताटात इकडून तिकडं केला. गावातल्या पोरी झोक्यावर गेल्या. कामिनी घरीच थांबली. आईला आज एकटं सोडायचं नाही, एवढं तिला समजत होतं.

दुसऱ्या दिवशी कामिनीला जाग आली तीही हप्त्याहप्त्यानंच. आधी खराटा ऐकू यायला हवा होता, पण आला नाही. डोळे उघडले तर आई खाटेशी बसलेली. ती हाताची पालथी बाजू कामिनीच्या गुडघ्याला लावत होती, मग दुसऱ्या गुडघ्याला, मग मनगटांना. ताप बघतात तशी. पुन्हा पहिल्यापासून.

"गरम हाये का?" कामिनीनं विचारलं.

"नही." कोकिळेनं परत एकदा हात लावून पाहिला. "दुखतं?"

"मांडी दुखते. दंड दुखतो. सांधा नही दुखत."

"खरं सांगतं?"

कामिनीनं हात वर करून बोटं मिटली. मूठ झाली. रोजच्यापेक्षा उशिरा नाही, लवकरही नाही. कोकिळेनं ती मूठ आपल्या दोन्ही हातांत धरली आणि मग तिचा बांध फुटला. आठ वर्षांचं रडणं एका सकाळी आटपत नाही, पण सुरुवात चांगली झाली.

न्हाऊन झाल्यावर तिनं गौराईची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. पाया पडली ती बराच वेळ उठलीच नाही. काय बोलली ते कुणी विचारलं नाही. उठल्यावर कामिनीला एवढंच म्हणाली, "जूनमधी दप्तर तू ने. बाटली मी भरून देईन."

"दे," कामिनी म्हणाली.

"आनि माहा खांदा त्या मॅडमले दाखवू."

ऊन उतरल्यावर तिघी निंबाकडं निघाल्या. झोका मोकळा होताच कामिनी फळीपाशी गेली आणि आईला म्हणाली, "बस."

"मी? मी कवाच बसेल नही. मी उभी राहते."

"आज बस."

फुईनं भावजयीला धरून फळीवर बसवलं, अगदी नवरीसारखं. कोकिळेनं डाव्या हातानं दोर धरला, उजवा मांडीवर ठेवला. कामिनी तिच्या दोन्ही बाजूंना पाय रोवून उभी राहिली. दोर मुठीत घेतले. खरबरीत होते ते. तळव्याला टोचत होते. फुईनं एक धक्का दिला आणि बाजूला झाली.

पुढचं कामिनीचं होतं. गुडघे वाकवले, सरळ केले. झोका जेमतेम हलला. पुन्हा. निंबाची फांदी करकरली. पुन्हा. मागं, पुढं, जरा वर. असोद्याची घरं खाली सरकली, त्यांच्या पलीकडं केळीची हिरवी कड दिसू लागली. मांड्या भरून आल्या होत्या. खालून, अगदी पायांपाशी, कुणीतरी तिचं नाव घेत होतं. कामिनीनं खाली पाहिलं. आईनं मान वर केली होती आणि तिचा चेहरा स्पष्ट दिसत होता.

"मी जड लागते का व तुले?"

"लागते," कामिनी म्हणाली, आणि गुडघे वाकवून तिनं झोका आणखी वर नेला.